हिरव्या चादरी

१

ओढा चोरीला गेल्याची तक्रार तुम्ही कधी ऐकली आहे? मी नव्हती ऐकली. दागिने जातात, गाडी जाते, वाळत घातलेला टॉवेलसुद्धा जातो. पण बारा महिने वाहणारा अख्खा ओढा कोणी उचलून नेला म्हटल्यावर मला हसूच फुटलं.

"हसतेस काय वहिनी?" वन्संनी फोन खाली ठेवला. "त्यापायी एका माणसाला बडवलंय लोकांनी. उजवा हात मोडलाय. परवा त्याला पोलिसांच्या ताब्यात देणार आहेत."

मग मात्र मी गाडीची चावी शोधायला लागले.

वन्सं म्हणजे माझ्या नवऱ्याची थोरली बहीण. आयुष्यभर जमिनीखालचं पाणी शोधत रानोमाळ हिंडल्या, लग्नाला काही सवड झाली नाही, आणि निवृत्त झाल्यावर चार दिवसांसाठी म्हणून आमच्याकडे आल्या त्या आजतागायत आहेत. पाण्याच्या भांडणाचा निवाडा होईनासा झाला की लोक त्यांना बोलावतात. त्यांना गाडी चालवता येत नाही आणि माझा पाय घरात ठरत नाही, म्हणून आमची जोडी जमली. नवरा म्हणतो, तुम्ही दोघी गेलात की माझ्या कानांना तेवढीच सुट्टी. म्हणू दे.

गाडीत त्यांनी मला सगळं समजावलं. नदीवर वरच्या अंगाला धरण. धरणातून निघालेला कालवा, त्याच्या तोंडाशी गेट. गेटाच्या चाव्या वर्षानुवर्षं एकाच माणसाकडे, म्हणून त्याला सगळे चावीवाला म्हणतात. कालवा टेकडीच्या एका अंगानं बागांकडे जातो. टेकडीच्या दुसऱ्या अंगाला, पायथ्याशी, एक झरा. त्या झऱ्याचा ओढा, आणि ओढ्याकाठी धुलाईवाल्यांची वस्ती. शहरातल्या हॉटेलांच्या, दवाखान्यांच्या चादरी तिथं धुतल्या जायच्या.

गेल्या वर्षी ओढा बारीक झाला. यंदा संपला. आणि त्याच काळात कालव्यावरच्या बागवाल्याची बाग दुप्पट झाली. लोकांनी दोनात दोन मिळवले. चावीवाल्यानं चोरून नळ टाकला आणि आपला झरा बागेकडे वळवला, असं ठरलं. त्याच्या घरात बागवाल्याच्या फळांची टोपलीही सापडली. मग काय, वेगळा पुरावा कशाला हवा!

"आणि नदीचं पाणी सांभाळणारं ते खोरे मंडळ काय म्हणतं?" मी विचारलं.

"चोर मिळाला म्हणतं. कमी पाण्यात जास्त काम करणारं खोरं म्हणून यंदा त्यांचा पहिला नंबर आलाय. भानगड लवकर मिटायला हवी. नावापुरती चौकशी हवी म्हणून मला बोलावलं. मी मान डोलवायची आणि परत यायचं."

"डोलवणार तुम्ही?"

"माझी मान दुखते," वन्सं म्हणाल्या.

२

चावीवाला दवाखान्यात भिंतीकडे तोंड करून पडला होता. हात प्लास्टरमध्ये. बोटं सुजून जाड झाली होती. डॉक्टर बाहेरच म्हणाले होते की हाड जुळेल, पण या हातानं गेटाचं चाक फिरेल असं समजू नका. उशाशी त्याची बायको बसली होती, रागानं आणि जागरणानं लाल झालेली.

"पाणी चोरलंत?" वन्संनी सरळ विचारलं. त्यांना आडवळण माहीतच नाही.

"नाही."

"नळ टाकलात कुठं?"

"मला गेट उघडता येतं आणि बंद करता येतं. नळ टाकायची अक्कल असती तर मी नळवाला झालो असतो."

"फळांची टोपली?"

"बागवाला येईल त्याला टोपली देतो. नाही घेतली तर रुसतो."

वन्सं थोडा वेळ त्याच्या हाताकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "इतकी वर्षं गेटावर आहात. कधी काही जगावेगळं घडलं तिथं?"

त्यानं डोळे मिटून घेतले. बायकोला राहवलं नाही.

"ती लाल भुकटी सांगा की!"

"गप्प बस."

"का गप्प बसू? सगळे गप्प बसतात आणि मार आपण खायचा!" ती आमच्याकडे वळली. "कालवा सिमेंटनं पक्का करायच्या आधीची गोष्ट. ऑफिसातल्या कोणीतरी यांना एक डबी दिली, गेटाखालच्या पाण्यात टाका म्हणून. बाहीला लागून आली होती. मला वाटलं मिरचीपूड. झटकली मी. कोणी दिली ते मात्र मलासुद्धा सांगत नाहीत."

"कोणी दिली?" वन्संनी विचारलं.

"शब्द दिलाय," तो म्हणाला. "निकाल लागेपर्यंत बोलू नका, असं सांगितलं होतं. निकाल काय लागला ते मला कोणी कळवलं नाही. म्हणजे शब्द अजून चालूच आहे."

"अहो, उद्याचा एकच दिवस आहे मध्ये. परवा तुम्हाला आत टाकतील!" माझ्याच्यानं राहवेना.

"टाकू देत. मी चोर नाही, हे मला ठाऊक आहे. पण शब्द मोडला तर मी कोण ठरेन, हे मला ठाऊक नाही."

चोर सोडून संन्याशाला सुळी म्हणतात ती ही. पण इथं संन्यासी स्वतःच सुळाला मिठी मारून बसला होता. मला त्याचा असा राग आला की काय सांगू.

३

मंडळाच्या मोठ्या साहेबांच्या खोलीत पहिल्या नंबरचा चषक टेबलाच्या मधोमध ठेवला होता, त्यामुळे साहेबांचं तोंड बघायला वाकावं लागत होतं.

"सोपं करून सांगतो," साहेब म्हणाले. "पूर्वी शंभर बादल्या सोडल्या तर पिकांना साठ लागायच्या. चाळीस वाया! कच्चा कालवा, गळकी तळं, सगळीकडे गळती. आम्ही कालवा पक्का केला, बागांना ठिबक दिलं. आता शंभरातल्या नव्वद कामी येतात. वाचलेलं पाणी नव्या बागांना, नव्या नळांना दिलं."

"त्या चाळीस बादल्या कुठे जात होत्या?" वन्संनी विचारलं.

"वाया."

"वाया म्हणजे कुठल्या गावाला?"

मला खुदकन हसू आलं. साहेबांना आलं नाही.

"बाई, गळालेलं पाणी मोजत नसतात. किती घेतलं आणि किती लागलं, हे मोजतात. चावीवाल्यानं चोरी केली नसती तर ओढा आटलाच नसता."

"गेटावर जाता कधी?"

"मला कशाला जायला हवं? आकडे चालत येतात माझ्याकडे."

बूट पाहिले मी त्यांचे. चकचकीत. खरं बोलत होते.

आकडे जी आणायची ती मोजणी अधिकारी तिथंच उभी होती. तिशीतली, सडपातळ, डोळ्यांखाली काळी वर्तुळं. तिनं खोऱ्याचा मोठा नकाशा टेबलावर पसरला होता आणि वन्सं विचारतील तेवढंच सांगत होती. कालवा निळ्या रेघेनं, बागा हिरव्या चौकोनांनी दाखवलेल्या. धुलाई वस्तीचा झरा नकाशात नव्हताच.

"झरा कुठंय?" वन्संनी बोट फिरवलं.

"तो नैसर्गिक आहे," साहेबच बोलले. "आमच्या व्यवस्थेत येत नाही."

 मोजणीवालीनं नकाशा उचलला, वरची कड हनुवटीखाली धरली, हात ताणून दोन्ही टोकं जुळवली, एक झटका दिला आणि बघता बघता त्याची चौकोनी घडी केली. मी केली असती तर पुंगळी झाली असती.

आम्ही जिना उतरत होतो तेव्हा ती मागून धावत आली.

"चावीवाल्या काकांचा हात बरा होईल ना?"

"नाही म्हणतात डॉक्टर," वन्सं म्हणाल्या.

तिनं कठडा धरला. "काही बोलले का ते?"

"कशाबद्दल?"

ती आली तशी परत वर गेली.

४

बागवाल्याकडे पाऊल ठेवताच माझ्या हातात टोपली आली. मी नको नको म्हणेपर्यंत गाडीच्या मागच्या सीटवर दुसरीही गेली.

"माझं मीटर बघा," तो म्हणाला. खरंच, पूर्वी घेत होता तेवढंच पाणी आताही घेत होता, एक थेंब जास्त नाही. "पूर्वी चर भरून पाणी द्यायचो. निम्मं जमीन प्यायची. आता नळीतनं थेंब थेंब मुळाशी. वाचलेल्या पाण्यात तेवढीच आणखी बाग लावली."

"आता जमिनीत खाली काही उतरतं?"

"एक थेंब उतरत नाही!" त्यानं अभिमानानं सांगितलं.

"चावीवाल्याला टोपली दिलीत."

"तुम्हालाही दिली. तुम्ही काय चोरलंत?"

कप्पाळ! आम्ही निघालो.

धुलाई वस्तीच्या खाली, नदीकाठी रंगखाना होता. वस्तीवाल्यांचा त्याच्यावरही राग आहे, असं बागवाल्यानंच सांगितलं. रंगखान्याचा मालक आम्हाला बघूनच करवादला.

"परत त्या हिरव्या चादरींचं काढायला आलात का?"

"कसल्या हिरव्या चादरी?" वन्संनी विचारलं.

मग त्यानं सांगितलं. कालवा पक्का होण्याआधी एकदा ओढ्याचं पाणी अचानक हिरवं झालं होतं. दवाखान्याच्या सगळ्या चादरी हिरव्या निघाल्या. वस्तीवाले काठ्या घेऊन याच्या दारात.

"हे बघा." त्यानं दोन्ही तळवे पुढे केले. नखांपर्यंत निळे. "मी जीनचं कापड रंगवतो. निळं. आजोबाही निळंच रंगवायचे. हिरवा रंग आणू कुठून? आणि माझं सांडपाणी ओढ्याच्या खाली नदीत पडतं. पाणी काय उलटं चढून यांच्या चादरींत शिरलं?"

"हिरवं पाणी नक्की कुठून येत होतं?"

"थेट झऱ्याच्या तोंडातनं. मी स्वतः जाऊन पाहिलं. पण ऐकतो कोण?"

गाडीत बसताच मी म्हणाले,

"वन्सं, कुठंतरी पाणी मुरतंय नक्की."

"मुरत होतं, वहिनी. आता मुरत नाही. हाच तर सगळा घोळ आहे." त्यांनी चष्मा पुसला. "वस्तीकडे घे गाडी. त्या हिरव्या चादरी जिच्या होत्या तिला भेटू. आणि लाल भुकटीबद्दल तिथं चकार शब्द काढू नकोस."

५

वस्तीत पहिल्यांदा नजरेत भरले ते दगड. कपडे आपटून आपटून गुळगुळीत झालेले, रांगेनं मांडलेले, आणि मधून ओढ्याची कोरडी वाट. ज्यांच्या चादरी हिरव्या निघाल्या होत्या त्या मावशी, वस्ती त्यांना चादरमावशी म्हणते, त्यातल्याच एका दगडावर बसल्या होत्या. साठीच्या, रुंद खांद्यांच्या. हातांना जागोजागी भेगा. टँकरच्या पाण्यात धुतलेल्या थोड्याशा चादरी दोरीवर होत्या.

"चोराला सोडवायला आलात का?" त्यांनी विचारलं.

"चोर शोधायला आले," वन्सं म्हणाल्या.

"सापडलाय की. पहिला फटका मीच घातला त्याला. ही मोगरी." कपडे बडवायची लाकडी मोगरी त्यांनी मांडीवरच ठेवली होती. "सारखं विचारत होते, पाणी कुठं घातलंस ते सांग. तोंडातनं शब्द काढला नाही मेल्यानं. नुसता माझ्याकडे बघत होता. निर्दोष माणूस गप्प बसतो का?"

 प्लास्टरमधली ती सुजलेली बोटं डोळ्यांपुढं आली.

वन्संनी हिरव्या चादरींचं विचारलं.

"पोपटासारखं पाणी! उन्हात तर चमकायचं. दोन दिवस होतं. दवाखान्यानं किती दिवस काम दिलं नाही नंतर."

"एकट्याच राहता?"

एवढं विचारायचा अवकाश, मावशींचा चेहराच बदलला. "मुलगी आहे ना! शिकली. या चादरींवर शिकवली तिला. मोठ्या ऑफिसात आहे शहरात. सारखी म्हणते, आई, सोड हे, माझ्याकडे ये. मी म्हणते, ओढा वाहतोय तोवर मी इथंच. लेकीच्या घरी बसून काय खिडक्या मोजू?"

"येते का भेटायला?"

"येते की. एकदा तर चांगली आठवडाभर राहिली. झऱ्याच्या तोंडाशी कोळशाच्या पुरचुंड्या बांधल्या. म्हणाली, यानं पाणी स्वच्छ होतं. रोज सकाळी जुनी काढायची, नवी बांधायची. जाताना सगळ्या डब्यात भरून घेऊन गेली."

"घेऊन का गेली?"

"आता मला काय माहीत? शिकलेल्यांचं काही असतं."

बोलता बोलता मावशी उठल्या. वाळलेली चादर दोरीवरून काढली, वरची कड हनुवटीखाली धरली, हात ताणून टोकं जुळवली आणि एक झटका दिला.

हीच घडी मी मंडळाच्या ऑफिसात बघितली होती. मी वन्संकडे बघितलं. त्या माझ्याकडेच बघत होत्या.

६

दुसऱ्या दिवशी सकाळी वन्संनी सगळ्यांना त्या दगडांवरच बोलावलं. मोठे साहेब रुमाल टाकून बसले. बागवाला टोपली घेऊन आला होता. रंगवाला लांब उभा राहिला. वस्तीतल्या बायका-पुरुष गोल करून जमले. मोजणीवाली सगळ्यांत शेवटी आली आणि मावशी एकदम उठून उभ्या राहिल्या.

"अगं! तू कशी इथं?"

"ही तुमची मुलगी?" साहेब चकित झाले. इतकी वर्षं हाताखाली होती, त्यांना पत्ता नव्हता.

"बसा मावशी," वन्सं म्हणाल्या. "इथं कोणीही नेहमीपेक्षा जास्त पाणी घेतलेलं नाही. बागवाल्यानं नाही, रंगवाल्यानं नाही, चावीवाल्यानं नळ टाकलेला नाही. सगळ्यांची मापं बरोबर आहेत. तरी ओढा गेला. तेव्हा कोणी किती घेतलं, हा प्रश्नच चुकीचा होता. विचारायचं होतं ते हे, की पूर्वी परत किती जात होतं? कच्चा कालवा गळायचा, बागेतलं निम्मं पाणी जमिनीत उतरायचं. ते पाणी टेकडीच्या पोटातून हळूहळू इकडे यायचं आणि झरा होऊन बाहेर पडायचं. साहेब, तुमच्या वाया जाणाऱ्या बादल्या या बायका वापरत होत्या. तुम्ही एका माठातलं पाणी दुसऱ्या माठात ओतलंत आणि पाणी वाढलं म्हणून चषक घेऊन आलात."

"हा तुमचा तर्क आहे!" साहेब तडकले. "टेकडीतून पाणी येतं हे सिद्ध कोण करणार?"

"ते आधीच सिद्ध झालंय."

वन्संनी पिशवीतून एक छोटी डबी काढली. पाणी शोधायच्या त्यांच्या जुन्या सामानात असलं काहीतरी असतंच. चिमूटभर लाल भुकटी त्यांनी सगळ्यांना दाखवली आणि पाण्यानं भरलेल्या बादलीत टाकली.

पाणी हिरवं झालं. पोपटासारखं. उन्हात चमकायला लागलं.

"तेच!" मावशी ओरडल्या. "हाच रंग!"

"डबीत लाल, पाण्यात हिरवी. जमिनीखालचं पाणी कुठून कुठे जातं ते बघायला ही वापरतात. वर गेटाशी चावीवाल्याच्या हातून टाकली, खाली तुमच्या चादरी रंगल्या. पण दोन्हीकडच्यांची गाठ कधी पडलीच नाही. वर डबीतली लाल भुकटी बघणारे वेगळे आणि इथं हिरवं पाणी बघणारे वेगळे. खरं तर इतकी थोडी टाकतात की डोळ्यांना दिसूही नये. म्हणून कोळशाच्या पुरचुंड्या बांधून ठेवतात. कोळसा रंग धरून ठेवतो, मग तो घरी नेऊन तपासायचा. त्या वेळी भुकटी जास्त पडली. टाकायला लावणाऱ्याला खात्री हवी होती. घरातलंच पाणी होतं ना."

मावशींचे ओठ हलले. "कोळशाच्या..."

कोणाला काही सांगावं लागलं नाही. त्या वळून मुलीकडे बघत राहिल्या. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात, पण असा वळसा कोणावर येऊ नये.

"तुला माहीत होतं?"

"हो," मुलगी म्हणाली. "कालवा पक्का केला तर हा झरा जाईल, हे मला आधी कळलं होतं. साहेबांना सांगितलं मी. ते म्हणाले, झरा नकाशात नाही."

"मला तसं काही आठवत नाही," साहेब घाईनं म्हणाले.

"पुन्हा सांगायला हवं होतं. ओरडून सांगायला हवं होतं. मी नाही सांगितलं." ती आईसमोर खाली बसली. "हात बघ तुझे. थंडीत रक्त येतं त्यातनं. किती वर्षं म्हणतेय, माझ्याकडे ये. तू म्हणायचीस, ओढा वाहतोय तोवर नाही. मला वाटलं, मग नको वाहू दे. आटला की येशील."

"आणि या बाकीच्या?" मावशींनी वस्तीकडे हात केला. "यांच्या मुली नाहीत ग ऑफिसात! यांनी कोणाकडे जायचं?"

  कोणाचा तरी पाय लागून हिरवी बादली कलंडली, आणि सगळे ते पाणी कोरड्या वाटेत जिरताना बघत राहिले.

"बरं," मावशी म्हणाल्या. "आटवलास. मग त्या माणसाला मी मारलं, तेव्हा तरी बोलायचंस."

"तेव्हा तर बोलताच येईना, आई. तो चोर असेल, तर तू चोराला मारलंस. तो चोर नसेल तर..." तिनं तोंडावर हात घेतला.

७

दवाखान्यात आम्ही चौघी गेलो. आम्ही गाडीत बसण्याआधी साहेबांनी वन्संना गाठून सांगितलं की चावीवाल्याला सन्मानानं कामावर घेऊ, पण पाण्याचं अवघड आहे, कारण वाचवलेलं सगळं नव्या बागांना आणि नळांना वाटून झालंय. आता कोणाचं काढून घ्यायचं? वन्सं म्हणाल्या, "या बायकांचं काढून घेतलंत तेव्हा सोपं गेलं होतं की. तसंच करा. मी अहवालात हेच लिहिणार आहे." साहेबांनी चषकाला काही होणार नाही ना, असंही विचारलं. देवा! मी गाडी सुरू केली म्हणून बरं, नाहीतर माझ्या तोंडून काय गेलं असतं कोण जाणे.

चावीवाल्यानं मावशींना दारात पाहिलं आणि उठून बसायचा प्रयत्न केला. त्याची बायको मध्ये येऊन उभी राहिली.

"सरक," मावशी तिला म्हणाल्या. "मारायला नाही आले." मग त्याच्याकडे बघून म्हणाल्या, "पहिला फटका माझा होता."

"माहीत आहे."

"भुकटी माझ्या मुलीनं दिली होती. सगळं तिला ठाऊक होतं."

"तिनं दिली, हे मला माहीत आहे. सगळं काय, ते नाही माहीत."

वन्संनी थोडक्यात सांगितलं. तो ऐकत राहिला. मुलगी भिंतीला टेकून रडत होती. तिच्याकडे बघून तो म्हणाला, "मग निकाल लागला म्हणायचा."

"ती माझी मुलगी, हे कधी कळलं तुम्हाला?" मावशींनी विचारलं.

"डबी देतानाच म्हणाली होती, काका, जपून टाका, पलीकडे माझी आई धुणं धुते, चादरमावशी म्हणतात तिला."

मावशी पलंगाची दांडी धरून वाकल्या. "म्हणजे मी मारत होते तेव्हा तुम्हाला माहीत होतं? अहो, मग बोलायचं होतंत! एक शब्द. विचार तुझ्या लेकीला, एवढंच. माझा हात तिथल्या तिथं थांबला असता!"

"तुमचा थांबला असता," तो म्हणाला. "तुमच्या मागे सगळी वस्ती होती. त्यांचा कोणी थांबवला असता? गर्दीला तिचं नाव दिलं असतं, तर गर्दी तिच्याकडे गेली असती."

 मग त्याची बायको पुढे आली.

"यांचा चांगुलपणा झाला. मुलगी वाचली, आई वाचली. हात माझ्या नवऱ्याचा गेला. मला कोणी विचारलं? मी नाही कोणाला माफ करणार. सांगून ठेवते."

"नकोच करू," मावशी म्हणाल्या. "तुम्हीपण करू नका, भाऊ. तुम्ही माफ केलंत, तर मी हे घेऊन जाऊ कुठं?"

त्यानं मान हलवली. हो म्हणाला की नाही, ते मला कळलं नाही.

बाहेर आल्यावर मुलीनं आईचा हात धरला. भेगाळलेला तळवा तिनं स्वतःच्या दोन्ही हातांत घेतला, आणि मावशींनी तो सोडवून घेतला नाही.

"आई, घरी चल ना."

"चोर शोधून दिलात तुम्ही," मावशी वन्संना म्हणाल्या. "मारणाऱ्यांची नावं लिहिलीत का?"

"ते माझं काम नव्हतं."

"मग माझं आहे." त्या माझ्याकडे वळल्या. "बाई, मला पोलीस चौकीवर सोडा. पहिलं नाव माझं घालते. बाकीचे आपापले येतील, नाही आले तर मी आणेन."

वन्संनी गाडीचं दार उघडलं. मावशी पुढे माझ्याशेजारी बसल्या. मुलगी क्षणभर तशीच उभी राहिली, मग मागे वन्संच्या शेजारी येऊन बसली.

"तू उतर," मावशी मागे न बघता म्हणाल्या. "तुझी नोकरी आहे."

"नाव दोघींचं आहे, आई," मुलगी म्हणाली.

मावशींनी डोळे पुसले आणि मला चौकीचा रस्ता सांगायला लागल्या.